साळिंदर कप्तानाचा आवाज

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढली त्याच्या शेजारी बारक्यासारखं कोणीतरी राहत असणार. बारक्याचा धंदा काचेचा. खिडक्यांची, दुकानांची, कपाटांची मापं घ्यायची, काच कापायची आणि नेऊन बसवायची. काच हातात आली की ती फुटणारच, असं तो आधीपासून धरून चाले, आणि म्हणूनच त्याच्या हातून ती सहसा फुटत नसे. भित्र्या माणसाला मानवतील असे धंदे जगात फार थोडे. त्यातला एक त्याला बरोबर सापडला होता. चाळिशी उलटली, केस मागे हटले, हाताखाली दोन माणसं आली, तरी त्याला बारक्या म्हणणारं एक माणूस उरलं होतं. ते म्हणजे त्याची ताई. आणि ताईच्या तोंडून ती हाक येणं आता बंद झालं होतं.

ताई बसस्थानकावर घोषणा करायची. फलाटांच्या वर एक काचेची खोली होती (काच अर्थात बारक्याने बसवलेली), तिच्यात एक टेबल, एक माइक, एक थर्मास आणि ताई. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रखडली, कोणाचं पोर चुकलं, कोणाची छत्री सापडली, सगळं तिच्याच तोंडून लोकांना कळायचं. आवाज असा, की गाडी चुकलेल्या माणसालाही वाटावं, चूक आपलीच आहे. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, दिवसभर गावाला समजावते, घरी जाऊन आणखी कोणाला समजावत बसू? वाहक मंडळी तिला तोंडावर भोंगा म्हणत आणि तिला ते आवडे.

एका सकाळी घोषणा करता करताच तिच्या मेंदूत गुठळी अडकली. गाडीचं नाव जिभेवर येईना. त्याच्या जागी एकच शब्द आला, 'तेच'. मग पुन्हा 'तेच'. माइक चालू होता. सगळ्या स्थानकावर तेच, तेच, तेच असं घुमत राहिलं आणि खाली उभ्या लोकांना वाटलं, यंत्र अडकलं. वर जाऊन बघायचं कोणाला तरी सुचेपर्यंत बराच वेळ गेला. बारक्या तेव्हा जवळच्याच एका न्हाव्याच्या दुकानात आरसा बसवत होता. त्यालाही तो आवाज ऐकू आला होता, आणि यंत्रच बिघडलंय असं त्यालाही वाटलं होतं.

दवाखान्यातून त्याने तिला आपल्याच घरी आणलं. चालणं हळूहळू जमलं. उजवा हात जड राहिला. सगळं कळत होतं, चेहरे ओळखू येत होते, हिशेबातली चूकही बोटाने दाखवायची. फक्त बोलायला गेली की 'तेच'. पाणी हवं तर तेच, पंखा बंद करा तर तेच, आणि भाजी खारट झाली तरी तेच. सुरुवातीला घर त्यातही तग धरून होतं, कारण तिच्या सुरावरून बरंच कळायचं. बारक्याची बायको तर म्हणायची, माझ्या नवऱ्याच्या शंभर शब्दांपेक्षा ताईंच्या एका 'तेच'मध्ये जास्त अर्थ असतो.

मग एक दिवस स्थानकावरची मंडळी तिला भेटायला आली. ताईला त्यांना काहीतरी लांबलचक सांगायचं होतं. ती सावरून बसली, हात वर केला आणि तेच तेच तेच असं सुरू झालं. थांबेना. एका तरण्या वाहकाला हसू फुटलं. तो दुष्ट नव्हता, घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला कधीकधी हसूच येतं. पण ताईने तोंड मिटलं ते मिटलंच. त्या दिवसापासून 'तेच'सुद्धा नाही.

आठवड्यातून एकदा तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. शांत, नीटनेटक्या बाई, आवाज कधी चढला नाही. पण मागच्या खेपेला त्यांनी बारक्याला दाराशी बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला त्या सुधारू शकतात, मिटलेल्या तोंडाला नाही. आजारानंतरचे पहिले काही महिने मोलाचे असतात आणि ते चालले आहेत. येत्या सोमवारपर्यंत ताईने काहीच तोंडातून काढलं नाही, तर मग बोलण्याचा नाद सोडून तिला तक्त्याची सवय लावावी लागेल. तक्ता म्हणजे एक पुठ्ठा होता. त्यावर चित्रं होती, पाण्याचा पेला, ताट, पलंग, संडास आणि रडका चेहरा. हवं त्यावर बोट ठेवायचं. ताईने तो पहिल्याच दिवशी उलटा करून भिंतीला लावून ठेवला होता. आयुष्यभर गावाशी बोललेल्या आपल्या बहिणीने उरलेलं आयुष्य त्या संडासाच्या चित्रावर बोट ठेवत काढायचं, हे बारक्याला सहन होईना.

त्याने आपल्या परीने सगळं केलं होतं. म्हणजे जे करू नये ते केलं होतं. सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा, पाण्याचा पेला धरायचा आणि तिच्या ओठांवर डोळे रोवून म्हणायचा, "म्हण ताई, पा. पा. पाणी." ताई त्याच्याकडे बघायची, मग खिडकीकडे बघायची. तो पुन्हा म्हणायचा. बायको एकदा वैतागून म्हणाली, की अहो, त्या तोंडाकडे इतकं बघता की एखाद्याला साधी जांभईसुद्धा येणार नाही. अती तिथे माती होते, हे त्यालाही कळत होतं. ज्याच्या हाताखाली तो काच कापायला शिकला त्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की काच कापायच्या हिरकणीची रेघ काचेवर एकदाच ओढायची. मनासारखी उमटली नाही म्हणून तिच्यावरून पुन्हा फिरवलीस, तर काच तुझं ऐकणार नाही, हवी तिकडे तडकेल. दुकानात त्याने हा नियम कधी मोडला नाही. घरी दिवसातून पन्नास वेळा मोडत होता. आणि मन घरी अडकल्यामुळे आता दुकानातही त्याच्या हातून काचा फुटायला लागल्या होत्या.

जाता जाता त्या बाई आणखी एक सांगून गेल्या होत्या. रोजचं बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि पाठ झालेलं दुसऱ्या जागी. पाणी मागता न येणारा माणूस कधीकधी अख्खा पाढा घडाघडा म्हणतो. लहानपणापासून तोंडात बसलेलं असं काही ताईंचं आहे का, ते बघा. पाढे म्हणून पाहिले, ताईने कपाळाला आठ्या घातल्या. शाळेतली कविता म्हणून पाहिली, ती अर्ध्यातच बारक्याला आठवेना. आणि मग भर दुपारी, एका बँकेच्या खिडकीला पट्टी मारत असताना, त्याला साळिंदर कप्तान आठवला.

त्याचं असं झालं होतं. त्यांचे बाबा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा घरचा टीव्ही कधी धड नसे. त्यातलं काहीतरी कायम कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या टीव्हीत गेलेलं असे. बाबा म्हणत, उद्या बसवतो, आणि तो उद्या काही उजाडत नसे. पडद्याशेजारी जाळी निघालेलं एक गोल भोक होतं, त्यात बारक्या आपल्या गोट्या ठेवायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने कॅसेट लावायचं यंत्र दुरुस्तीला टाकलं. आत एक कॅसेट अडकली होती. ती चालायची, मागे-पुढे जायची, पण बाहेर काही येत नव्हती. गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, यंत्र घरातच राहिलं. त्यामुळे त्या घरात एकच सिनेमा होता आणि तो निवडायची कटकट नव्हती.

तो चित्रांचा सिनेमा होता, हाताने रंगवलेल्या चित्रांचा. एक म्हातारं साळिंदर चादरी जोडून हवेत उडणारा फुगा शिवतं. मुळात साळिंदराने फुग्यात बसावं, हाच केवढा जिवाशी खेळ. त्याच्या टोपलीत एक कोकरू असतं. कोकराची आई डोंगरापलीकडे राहिलेली असते आणि कप्तान त्याला तिच्याकडे पोचवायला निघतो. वाटेत वादळ, गिधाडं, आणि मग ते धुकं. धुक्यात फुगा कड्याला अडकतो, टोपली कलते, कोकरू रडायला लागतं. त्या वेळी बारक्या चार वर्षांचा होता, ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करून आलेली आणि आत झोपलेली असे, म्हणून दुपारी घरात मोठ्याने बोलायचं नाही, हा कायदा होता. ताई भिंतीला टेकून बसायची, बारक्या तिच्या मांडीत, तिच्या पोटाला पाठ लावून. धुकं आलं की बारक्या पडद्याला हळूच विचारायचा, "कप्तान, आपण पडणार का?" आणि साळिंदर कप्तान खोल, खरखरीत आवाजात म्हणायचा, "रडून घे. पण दोर सोडू नकोस." मग बारक्या म्हणायचा, "नाही सोडत." एकदा खोकल्याच्या उबळीमुळे त्याला विचारायला उशीर झाला, तेव्हा कप्तान त्याच्यासाठी थांबला होता, असंही त्याला पक्कं आठवत होतं. तो शाळेत जायच्या आधीच ते यंत्र भंगारात गेलं.

पण ते वाक्य घरात राहिलं. बाबा गेले तेव्हा ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हटलं होतं. एका मोठ्या दुकानाची अख्खी दर्शनी काच त्याच्या हातून निसटली, तेव्हा फोनवरही तेच. ते वाक्य ताईच्या डोक्यात त्या दुसऱ्या जागी नसेल, तर दुसऱ्या कोणाच्या असणार?

सिनेमाचं नाव त्याला माहीत नव्हतं. दोन दिवस जेवायच्या सुट्टीत तो फोनवर साळिंदर, फुगा, कोकरू असं उलटसुलट घालून शोधत बसला. शेवटी कोणा जुनी कार्टून जमवणाऱ्याने तो टाकलेला सापडला. पहिलंच चित्र आलं, चादरींना ठिगळं लावणारं साळिंदर, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बारक्याचे डोळे भरून आले. मग साळिंदराने तोंड उघडलं.

आवाज बारीक होता, तेलकट, बाजारातल्या दलालासारखा. आणि जे बोलत होतं ते त्याहून वाईट. कप्तान मुळात कप्तान नव्हताच, भामटा होता. आईकडे नेतो असं सांगून तो कोकराला डोंगरापलीकडच्या खाटकाला विकायला चालला होता. धुक्याचा प्रसंग आला. टोपली कलली, कोकरू रडलं, साळिंदराने त्याच्या कानाशी तोंड नेलं, एक पंजा दोरावर ठेवला, अगदी आठवत होतं तसंच. आणि म्हणालं, "रडणं बंद कर, नाहीतर खाली फेकून देईन."

बारक्याने फोन पालथा ठेवला. आधी त्याने मनाची समजूत घातली, की आवाज नंतर कोणीतरी बदलले असणार. त्याने तिथेच खाली लिहून विचारलं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, की हा सिनेमा पहिल्यापासून असाच आहे, दुसरा आवाज याला कधी दिलाच गेला नाही. मग मात्र त्याच्या पायाखालची वाळू सरकली. म्हणजे जे आपण जन्मभर धरून बसलो ते कप्तान कधी बोललाच नव्हता? चार वर्षांच्या पोराने मनाने रचलं आणि ताईने पोराचं मन राखायला मान डोलावली? मग ताईच्या डोक्यात पाठ असं आहे तरी काय? हा भामटा तिला दाखवायचा? तिने आणखी घट्ट तोंड मिटलं तर? त्या रात्री तो कूस बदलत राहिला. बायकोने शेवटी अंधारातच सांगितलं, की सोमवार तुमच्या जागरणाने पुढे जाणार नाही, रविवारी लावा तो सिनेमा आणि काय व्हायचं ते होऊ द्या.

रविवारी दुपारी त्याने ताईला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, पुन्हा काढून दुसरी दिली, आणि टीव्हीवर सिनेमा लावला. स्वतः बाजूला स्टुलावर बसला, ताईचे ओठ दिसतील असा.

चित्र आलं तशी ताईची मान वर झाली. तिने ओळखलं. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजायला लागली. मग साळिंदर बोलायला लागलं आणि ताईच्या चेहऱ्यावर नापसंती पसरली. तिने मान हलवली, पडद्याकडे हात केला. ऐकू येत नसेल म्हणून बारक्याने आवाज वाढवला. तिने दांडीवर थाप मारली. त्याने आणखी वाढवला. ताई लाल झाली, पुढे झुकली, हात हवेत झाडायला लागली, आणि बारक्याच्या काळजाचं पाणी झालं. पुन्हा झटका आला की काय, दवाखान्याचा नंबर कुठे आहे, खिशात की फोनमध्ये, आणि फोन कुठे आहे? स्वयंपाकघरातून बायको हात पुशीत आली, तिने क्षणभर ताईकडे पाहिलं आणि बारक्याच्या मुठीतून रिमोट काढून घेतला.

"त्यांना हा हवाय," ती म्हणाली. "इतकंच."

ताईने रिमोट डाव्या हातात धरला. बराच वेळ बटणांवरून अंगठा फिरला. एक दाबलं, भलतंच काही लागलं, बायकोने सिनेमा परत आणून दिला. मग तिला हवं ते बटण सापडलं आणि आवाज बंद झाला.

खोली शांत झाली. पडद्यावर साळिंदर तोंड हलवत होतं, कोकरू मान वळवत होतं, आणि कोणाचाही आवाज येत नव्हता. ताई मागे टेकली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मग तिने पायाने आपल्यापुढची जमीन दोनदा ठोकली. बारक्याला कळेना. बायको म्हणाली, अहो, बसा की तिथे, सांगतायत त्या.

तो तिच्या पायांशी बसला, पाठ तिच्या गुडघ्यांना लावून. आणि मग त्याला दिसलं ते पडद्यावरचं नव्हतं. त्याला त्या जुन्या टीव्हीचं गोल भोक दिसलं, आपल्या गोट्यांनी भरलेलं. जाळी निघालेलं, आत गोट्यांखेरीज काहीच नसलेलं. तिथे काय असायला हवं होतं, हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या पोराला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. बाबा म्हणत होते, उद्या बसवतो. त्या टीव्हीला आवाज नव्हताच. कप्तानाचा आवाज नेहमी पाठीतून यायचा.

बारा वर्षांची पोरगी. झोपलेली आई, मुका टीव्ही, मांडीत भित्रा भाऊ. तिने त्याला एक कप्तान करून दिला होता, आणि तो आपण केला हे कधी सांगितलं नव्हतं. भामट्याचं तोंड हलायचं आणि त्यात ती आपले शब्द घालायची. बारक्याला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण समोर धुकं उतरायला लागलं होतं.

आता तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिसत नव्हतं, आणि ते बघायला वळू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे घोटे धरून ठेवले. फुगा कड्याला अडकला. टोपली कलली. कोकराने तोंड वासलं.

"कप्तान," बारक्या म्हणाला, "आपण पडणार का?"

साळिंदर कोकराच्या कानाशी झुकलं. त्याचं तोंड हललं, मिटलं. मागून काहीच आलं नाही. साळिंदराने वाळूच्या पिशव्या खाली टाकल्या, फुगा सुटला, धुकं विरळ व्हायला लागलं. सिनेमा काही कोणासाठी थांबत नाही. मागे घ्यावा का, पुन्हा दाखवावा का, पुन्हा विचारावं का, असं त्याच्या मनात आलं आणि जीभ उचललीही गेली. रेघ एकदाच, त्याने स्वतःला सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडाला पदर लावून उभी होती. पडद्यावर ऊन पडलं. खाली हिरवं माळरान दिसायला लागलं.

"र," मागून आलं. मग नुसता श्वास. मग पुन्हा, "र. रडून. रडून घे."

आवाज एका बाजूला कललेला होता, जाड, खरखरीत. पण खोल होता. कप्तानाचा होता. बारक्याच्या पाठीत तो हाडापर्यंत उतरला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे केलं, तो रडला. आवाज न करता, लहानपणी आई आत झोपलेली असताना रडायचा तसा.

"पण," ताई म्हणाली. "पण. तेच. तेच. तेच..."

पुढचे शब्द त्याला येत होते. ओठांवर होते. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की तिचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. त्याने दात आवळले. तेच, तेच, असं मागे चालू राहिलं. आज त्याला त्या शब्दाची भीती वाटली नाही. तोंड उघडं होतं ना, मग येऊ देत काय येतं ते. मग तेही थांबलं आणि एक हात त्याच्या डोक्यावर आला. डावा नव्हता. उजवा, जड, दगडासारखा. त्या हाताने त्याच्या उरलेल्या विरळ केसांत बोटं रुतवली आणि घट्ट धरलं.

पडद्यावर कोकरू केव्हाच पलीकडच्या गावात उतरलं होतं, भामटा खाटकाशी भाव करत होता, आणि तिथे दोराचा काही संबंधच उरला नव्हता.

"दोर," ताई म्हणाली. "दोर सोडू नकोस, बारक्या."

तो वळला नाही.

"नाही सोडत," तो म्हणाला.